मळ आणि झीज

यंदाच्या अंकाचा विषय 'दुरुस्ती' ठरला आणि माझ्या वाट्याला रेकॉर्डी आल्या. लोक आता घरच्या घरी मशीनमध्ये रेकॉर्डी धुतात, असं संपादकांच्या कानावर आलं होतं. "पुण्या-मुंबईचे शौकीन नकोत, आपल्या वऱ्हाडातलं कोणी सापडतं का बघा," एवढीच सूचना. अकोल्यात विचारत विचारत गेलो, तर एका चष्म्याच्या दुकानदाराने पातूरचा पत्ता दिला. त्याच्या काउंटरवर चष्मे साफ करायची छोटी अल्ट्रासॉनिक टाकी आहे. तिच्याबद्दल खोदून खोदून विचारणारे एक गृहस्थ त्याच्या लक्षात राहिले होते.

पातूर अकोल्याहून तिसेक किलोमीटर, वाशिमच्या रस्त्यावर. पुढे घाट लागतो. रेणुकामातेची टेकडी आणि खडकात कोरलेली लेणी यांमुळे लोक गावाला ओळखतात. गृहस्थ वीज मंडळातून निवृत्त झालेले. नाव छापू नका म्हणाले. "नाव आलं की गावातले समदे आपापल्या रेकॉर्डी घेऊन येतीन. एका रेकॉर्डले अर्धा घंटा लागते, भाऊ."

विषय दुरुस्तीचा आहे असं सांगितल्यावर ते हसले. "दुरुस्त काई होत नाई. मळ निघते, झीज नाई निघत. आता पाहा तुम्ही."

ट्रंकेतला माल

त्यांच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, गणपती, नवरात्र, एखाद्या पुढाऱ्याची सभा. मांडवाबाहेर बांबूला बांधलेला भोंगा, आत आहुजाचा अँप्लिफायर आणि एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर. लग्नघरी पहाटे भोंगा सुरू झाला की पंक्ती उठेपर्यंत थांबायचा नाही. कोणत्या रेकॉर्डी वाजायच्या हे मांडव ठरवायचा. 1972 साली 'पिंजरा' आला, 1975 साली 'जय संतोषी माँ'. त्याच वर्षी 'शोले' आला आणि पोलिडोरने त्याच्या संवादांची वेगळी रेकॉर्ड काढली. ज्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता त्यांनाही गब्बरचे संवाद भोंग्यावरून पाठ झाले.

या धंद्यात रेकॉर्ड ही सतरंजी-गॅसबत्तीसारखी भाड्याने फिरणारी वस्तू होती. बैलगाडीत किंवा सायकलच्या कॅरिअरवर ट्रंक बांधून माल गावोगाव जायचा. प्लेअरवर बसणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, त्याच्या बोटाला कधी चुना, कधी बुंदीचं तूप. पिन अख्ख्या हंगामात बदलली तर बदलली. मांडवात लोक नाचले की पिन उडायची, मग टोन-आर्मवर एक नाणं चिकटवायचं. नाण्याने पिन उडायची थांबायची. त्याच वजनाने ती रेकॉर्ड खरवडतही होती, याची तेव्हा कोणाला फिकीर नव्हती. झिजली तर नवी यायची.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, भोंग्याचा प्लेअर सुटला आणि ट्रंका माळ्यावर गेल्या. माळ्यावर टिनाचं छत. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, मग टिनाखालच्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. लाँग प्लेचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, साठेक अंशांपासून नरम पडायला लागतं. वरच्या थरातल्या काही रेकॉर्डींचे काठ वर आले आहेत, त्या गेल्यातच जमा. ज्या ट्रंकेच्या तळाशी, एकावर एक दाबून, उभ्या नाही तर आडव्या पण सपाट राहिल्या, त्या बचावल्या.

त्यांच्यावर बसलेला मळ भिंगाखाली पाहिला. काळ्या रानाची बारीक माती, कापसाचे तंतू, उदबत्तीची काजळी, बोटांचं तेल आणि त्या तेलावर पावसाळ्यात धरलेली बुरशी. जिनिंगच्या मुलखात चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिलेल्या वस्तूवर जे साठतं ते सगळं इथे होतं.

खाचेत काय दडलेलं असतं

मळाची अडचण कळायला खाच किती बारीक असते हे आधी समजून घ्यावं लागतं. लाँग प्लेच्या एका बाजूला एकच सलग खाच असते, काठापासून लेबलापर्यंत गोल गोल गेलेली. मिनिटाला 33⅓ फेरे आणि वीस मिनिटांची बाजू धरली तर साडेसहाशेच्या वर वेढे होतात. उलगडून सरळ केली तर ही रेघ चारशे मीटरच्या आसपास भरेल. तोंडाशी तिची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे साधारण केसाएवढी. आकार इंग्रजी व्ही अक्षराचा. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये या दोन भिंतींवर दोन वेगवेगळे आवाज कोरलेले असतात, आतल्या भिंतीवर डाव्या स्पीकरचा आणि बाहेरच्या भिंतीवर उजव्याचा. पिन या दोन भिंतींना टेकून सरकते. तळाला तिचं टोक पोचत नाही.

मळ मात्र तळालाही बसतो आणि भिंतींनाही. फडक्याने पुसलं तर वरची धूळ जाते आणि उरलेली खाचेत दाबली जाते. तेलात कालवलेली माती एकदा भिंतीला चिकटून वाळली की मखमली ब्रशलाही दाद देत नाही.

यजमानांनी धुण्याआधी एक रेकॉर्ड लावली आणि मला नुसतं ऐकायला सांगितलं. खरखरीचे तीन प्रकार ओळखायचे होते. पहिला अधूनमधून, कसाही, फुटाणे तडतडल्यागत. तो मळाचा. दुसरा 'टक्' असा, पण ठरावीक अंतराने परत येणारा. लाँग प्लेचा एक फेरा 1.8 सेकंदांत होतो, त्यामुळे बरोबर 1.8 सेकंदांनी तोच 'टक्' आला तर ती आडवी चीर समजायची. तिसरा आवाज खरखरीचा नसतोच. गायिकेने वरचा सूर लावला, शहनाई चढली की सूर फाटतो, 'स' फिसकारतो. लेबलाजवळच्या वेढ्यांत हे जास्त होतं. तिथे खाच लहान गोलात फिरते, त्यामुळे तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो. ही झीज. जड टोन-आर्मच्या बोथट पिनेने भिंतीवरची बारीक वळणं घासून नेलेली असतात.

"या तिघांतला एकच धुतल्यानं जाते," ते म्हणाले. "पह्यला. बाकी दोन राह्यतेत. हे ज्याले आधी समजलं नाई, तो मशीन घेऊन पस्तावते."

सहा लिटरची टाकी

रेकॉर्ड ओली करून साफ करायची यंत्रं नवी नाहीत. ब्रिटनमधल्या 'ग्रामोफोन' मासिकाचे पर्सी विल्सन यांच्या कल्पनेवरून कीथ मंक्स यांनी 1969 साली असं यंत्र बाजारात आणलं. त्यात ब्रशने द्रव लावायचा आणि बारीक नळीने तो मळासकट शोषून घ्यायचा. बीबीसीसारख्या संस्थांनी ती यंत्रं घेतली. अल्ट्रासॉनिक पद्धत रेकॉर्डींसाठी त्यानंतर खूप उशिरा आली. जर्मनीत, एस्टोनियात आज खास रेकॉर्डींसाठी तयार यंत्रं बनतात, पण त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते.

आपल्याकडे मात्र अल्ट्रासॉनिक टाकी वेगळ्याच वाटेने घरोघरच्या ओळखीची झाली आहे. सराफाकडे पैंजण साफ करायला दिलं की तो ते एका छोट्या टाकीत सोडतो आणि पाण्यात काळा ढग उठतो. दातांच्या डॉक्टरकडे हत्यारं अशाच टाकीतून निघतात, डिझेलच्या गॅरेजमध्ये इंजेक्टर. पातूरच्या या घरातली टाकी त्याच जातीची आहे. सहा लिटरची, स्टीलची, खाली चिकटवलेल्या तीन चकत्या, प्रत्येकी 60 वॅटच्या. वीज मिळाली की या चकत्या सेकंदाला 40 हजार वेळा थरथरतात.

थरथरीने पाण्यात दाबाच्या लाटा उठतात. दाब उतरतो तिथे पाणी जणू फाटतं आणि सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढच्याच क्षणी दाब चढतो आणि ते आत कोसळतात. मोकळ्या पाण्यात बुडबुडा चहूबाजूंनी मिटतो. भिंतीजवळ मात्र तो एका अंगाने कोसळतो आणि पाण्याची बारीक धार भिंतीवर आदळते. मळ सुटतो तो या आदळण्याने. 40 किलोहर्ट्झला बुडबुड्याचा व्यास मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याच्या जवळपास असतो, म्हणजे खाचेच्या तोंडाच्या तिप्पट. तो अख्खा आत शिरत नाही, खाचेच्या तोंडाशी कोसळतो आणि त्याचा धक्का आत जातो. 120 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या महागड्या यंत्रांत बुडबुडे तिपटीने लहान असतात. ते खाचेच्या मापाला येतात आणि त्यांचा मारही सौम्य असतो. 40 वाल्याने जास्त वेळ मारा केला तर रेकॉर्डला इजा होऊ शकते. म्हणून यजमानांचा नियम असा की दहा-बारा मिनिटांच्या वर रेकॉर्ड टाकीत ठेवायची नाही.

टाकी आतून 30 सेंटिमीटर लांब आणि लाँग प्लेचा व्यासही 30 सेंटिमीटर. मावणार कशी, असं मला वाटलं. पण रेकॉर्ड लेबलापर्यंतच बुडवायची असते. मधलं लेबल 10 सेंटिमीटरचं, ते कागदाचं, त्याला पाणी लागायला नको. लेबलाच्या खालच्या कडेशी पाण्याची पातळी धरली तर त्या उंचीवर रेकॉर्डची रुंदी 28 सेंटिमीटर भरते. एक-एक सेंटिमीटर दोन्हीकडे मोकळं. बाजारातली सहा लिटरची साधी टाकी रेकॉर्डवाल्यांना चालते ती या हिशेबामुळे.

रेकॉर्ड फिरवायला वर आडवा दांडा आहे. तो फिरवणारी मोटर भंगारातल्या मायक्रोवेव्हची, आतली काचेची थाळी फिरवणारी. ती मिनिटाला पाचेक फेरे घेते. एवढा वेग कामाचा नाही, रेकॉर्डबरोबर पाणीही ढवळून निघतं. म्हणून लहान-मोठ्या पुल्या आणि कॅसेट डेकचा जुना रबरी पट्टा लावून त्यांनी वेग दोन मिनिटांत एक फेरा इतका खाली आणला आहे. दांड्यावर एका वेळी दोनच रेकॉर्डी लावतात, मध्ये इंचभर अंतर ठेवून. जास्त दाटीवाटी केली तर एकीच्या आड दुसरीपर्यंत लाट पोचत नाही.

टाकी भरल्यावर दहा मिनिटं ती रेकॉर्डीशिवाय चालवली. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ती असेपर्यंत बुडबुडे मऊ कोसळतात, मार बसत नाही. हवा निघाली की आवाज बदलतो. 40 किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, पण कोसळणाऱ्या बुडबुड्यांची चरचर येते आणि ती कानाला सुखाची नाही. मग त्यांनी पोळ्या बांधायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात धरला. थोड्या वेळाने बाहेर काढून उजेडासमोर धरला, तर त्यावर टाचणीने टोचल्यागत भोकं. काही भाग चाळण झालेला, काही कोरा. टाकीत मार कुठे बसतो आणि कुठे नाही, याचा नकाशाच तो. पाण्यात बोट घालू नका, हे त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

वीज मंडळात उभी हयात गेल्यामुळे एक गोष्ट त्यांनी टाकीच्याही आधी केली. पडवीतल्या प्लगचं आर्थिंग नव्याने करून घेतलं आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवला. स्टीलची टाकी, ओले हात आणि शेजारी उघडी मोटर. "रेकॉर्ड वाचवता वाचवता माणूस नाई जायला पाह्यजे."

खरं काम पाण्याचं

मशीनचं कौतुक ऐकून घेतलं की ते विषय पाण्यावर आणतात. त्यांचं म्हणणं मला पटलं. अल्ट्रासॉनिक टाकी मळ सोडवते, पण सुटलेला मळ वाहून न्यायचा असतो आणि रेकॉर्डवर मागे काही उरू द्यायचं नसतं. ती दोन्ही कामं पाण्याची.

वऱ्हाडाला पाण्यातल्या क्षारांबद्दल कोणी शिकवायला नको. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. पातूर या पट्ट्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. इथलं पाणी गोड. पण गोड पाणीही काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं. पाणी तापवायच्या पातेल्यात बसणारा पांढरा थर हा त्याचाच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या पदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. म्हणजे अगदी चांगल्या पाण्याचा एक मिलिलिटर रेकॉर्डवर वाळला तर अर्धा मिलिग्रॅम क्षार खाचेत राहू शकतात. मळ काढून त्या जागी चुना भरल्यासारखंच ते. पिन त्यावरून गेली की पुन्हा तडतड. आरओचं पाणी बरं, पण तेही पुरेसं कोरं नाही. म्हणून लागतं ते डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. त्यावरही विश्वास न ठेवता यजमान प्रत्येक कॅन टीडीएस मीटरने तपासतात. मीटरचा आकडा शून्याला लागून असेल तरच पाणी टाकीत, नाही तर इन्व्हर्टरला.

नुसतं पाणीही पुरत नाही. पीव्हीसीवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन उभं राहतं आणि खाचेत उतरत नाही. त्याला उतरवायला पाणी पसरवणारं द्रव्य थेंबभर लागतं. भांड्याचा साबण नको, त्यात रंग आणि वास असतो आणि दोन्ही मागे राहतात. घरात रिठ्याचं पाणी सुचवलं गेलं होतं. सोनार पिढ्यान्‌पिढ्या रिठ्यात दागिने धुतात, फेसही येतो. पण रिठ्याचं पाणी गढूळ, वनस्पतीचा अंश असलेलं. दागिन्याला चालतं कारण दागिना नंतर घासून पुसता येतो, खाच पुसता येत नाही. शेवटी उपयोगी पडली ती फोटो स्टुडिओवाल्यांची बाटली. फिल्म धुतल्यावर निगेटिव्हवर थेंबांचे डाग पडू नयेत म्हणून डार्करूममध्ये जे द्रव्य वापरत, कोडॅकचं फोटो-फ्लो त्यातलंच, तेच सहा लिटरला काही थेंब. डार्करूम बंद पडल्या तशा या बाटल्या धूळ खात पडल्या होत्या.

काही लोक पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. तेलकट मळ त्याने लवकर सुटतो. पण टाकी तापते आणि अल्कोहोलची वाफ पेट घेणारी असते. बंद खोलीत, उघड्या मोटरशेजारी हा खेळ नको. यजमानांनी ते वर्ज्यच केलं आहे.

तापण्याचा प्रश्न वऱ्हाडात आणखी टोकाचा होतो. 180 वॅटची ऊर्जा सहा लिटर पाण्यात ओतत राहिलात तर अर्ध्या तासात पाणी दहा-बारा अंशांनी तापतं. उन्हाळ्यात दुपारी 40 अंशांच्या पाण्यापासून सुरुवात केली तर 50 ओलांडायला वेळ लागत नाही आणि रेकॉर्ड वाकायचा धोका तिथूनच सुरू होतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम सूर्य उगवायच्या आत. डिस्टिल्ड पाणी थंड करायला माठात ओतता येत नाही, माठ आपले क्षार त्याला देतो. मग कॅनलाच ओलं गोणपाट गुंडाळून रात्रभर वाऱ्यात ठेवायचा. कोरड्या हवेत गोणपाट झपाट्याने वाळतं आणि पाणी गार होतं. माठाचंच तत्त्व, फक्त पाणी मातीला न लावता.

"मशीन तं कोणीबी घेईन. पैसे फेकले की येते. पाणी जमलं पाह्यजे," हे वाक्य त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं.

लाखेला वेगळा न्याय

ट्रंकेत थोड्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्याही आहेत, भोंग्याच्याही आधीच्या, आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनच्या काळातल्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची नाट्यपदं महाराष्ट्रात घरोघर गेली ती याच तबकड्यांवरून, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्या पीव्हीसीच्या नाहीत, लाखेच्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची लाख, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. 1902 साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तबकड्या परदेशात दाबून आणाव्या लागत होत्या. 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि आपल्याच रानातली लाख आपल्याच गाण्यांच्या कामी येऊ लागली.

लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार फ्रेंच पॉलिश बनवतो ते असंच. म्हणून स्पिरिटचा बोळा 78 वर फिरवला तर मळाबरोबर गाणंही जातं. अल्ट्रासॉनिक टाकीतही लाख बेतानेच. अंगावर केसाएवढी चीर असेल तर बुडबुडे ती रुंदावतात, कडेला पोपडा असेल तर पाणी आत शिरतं. यजमान 78 टाकीत घालतच नाहीत. आडवी ठेवून, गार डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवतात आणि लगेच टिपून घेतात.

झिजेचा हिशेबही इथे वेगळा आहे. 78 वाजवायची ती पोलादी पिनेने, प्रत्येक बाजूला नवी पिन. तबकडीतली भुकटी मुद्दामच अशी असायची की तिने पिन घासून खाचेच्या आकाराची करावी. पिन बदलायचा कंटाळा केला की झिजायची ती तबकडी. खाच काळ्याची राखाडी झालेली दिसली तर ती धूळ समजून घासत बसू नये, तो घासलेला आवाज आहे.

वाळवण

टाकीतून काढलेली रेकॉर्ड थेट वाळत घातली तर डार्करूमचं द्रव्य खाचेत वाळतं आणि पहिल्याच फेऱ्यात पिनेच्या टोकाला पांढरा पुंजका जमतो. म्हणून दुसऱ्या टबात नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची एक धुलाई. त्यानंतर भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी. स्टँड स्वयंपाकघरातला आहे आणि त्याबद्दल घरात एकमत झालेलं नाही.

उन्हाळ्यात रेकॉर्ड दहा-पंधरा मिनिटांत कोरडी ठक्क होते. मग वेगळीच पंचाईत. कोरड्या हवेत पीव्हीसीला स्थिर वीज धरते आणि धुतलेली रेकॉर्ड खोलीतली धूळ स्वतःकडे ओढून घेते. फडक्याने पुसलं तर घर्षणाने ती आणखी वाढते. कूलरच्या वाऱ्यात ठेवावी तर कूलर दमट हवेबरोबर क्षारांचे सूक्ष्म थेंब आणि वाळ्याचे तूस फेकतो. म्हणून बंद खोली, पंखा बंद आणि वाळली की लगेच नव्या पॉलिथीनच्या आतल्या पिशवीत. जुनं कागदी कव्हर बाहेरून राहू द्यायचं, त्यावरची छपाई पाहण्यासारखी असते. पण रेकॉर्ड त्या कागदात परत घालायची नाही. चाळीस वर्षांची धूळ तिथेच बसलेली असते.

वापरलेलं पाणी अ‍ॅक्वेरियमच्या छोट्या पंपाने फिल्टरमधून फिरवून आणखी काही रेकॉर्डींना चालवतात. शेवटी जे उरतं ते चहाच्या रंगाचं. ते बॅटरीलाही घालायचं नाही आणि तुळशीलाही नाही, असा घरातला दंडक आहे.

मागची बाजू

धुतल्यानंतर तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. ज्याचं मांडवात सतत काम पडायचं असं एक गाणं, सात इंची रेकॉर्डच्या पुढच्या बाजूचं. तडतड नाहीशी झाली होती. ठरावीक अंतराचा 'टक्' होता तसाच राहिला. वरच्या सुराला गळा फाटायचा, तोही तसाच. उलट तडतडीचा पडदा हटल्यामुळे तो जास्तच उघडा पडला. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी रेकॉर्ड उलटली.

मागच्या बाजूचं गाणं कोणाच्या लग्नात कोणी मागितलं नसावं. ते स्वच्छ वाजलं. ढोलकीची थाप वेगळी, तिच्यामागचे टाळ वेगळे, गाण्याआधी गायिकेने घेतलेला श्वास वेगळा. तीच रेकॉर्ड, तीच ट्रंक, तेवढाच मळ. फक्त या बाजूवरून नाण्याने जड केलेली पिन क्वचितच फिरली होती. मळाने तिला झाकून ठेवलं होतं, झिजवलं नव्हतं.

मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचा अर्थ इथे आहे. गाजलेली गाणी ऐकण्यासाठी टाकीची गरज नाही. ती मोबाइलवर आहेत, कंपन्यांनी नव्याने काढली आहेत. 2024 साली मुंबईत रेकॉर्डी दाबायचा नवा कारखाना सुरू झाला आहे, त्यावरही आधी गाजलेलंच छापलं जाणार. आणि मांडवात झिजलेली त्यांची प्रत धुऊनही परत येत नाही. हरवतं ते बाकीचं. मागच्या बाजूची गाणी, छोट्या कंपन्यांच्या तबकड्या, जत्रेपुरते विकले गेलेले पोवाडे, कीर्तनं, भाषणं. त्यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा अशाच कोणाच्या तरी माळ्यावर असते.

हे काम कोणी करत नाही असं नाही. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर तिचे मानद सचिव. संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढून जुन्या कंपन्या, गायक आणि तबकड्यांच्या याद्या छापल्या. या संग्राहकांची एक सवय कोणालाही उचलण्यासारखी आहे. रेकॉर्ड हातात आली की आधी लेबलावरचा क्रमांक आणि लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक टिपून घ्यायचा. दुसरी प्रत कुठे आहे का, डिजिटल झाली आहे का, हे त्यावरून शोधता येतं आणि धुवायला कोणती आधी घ्यायची ते ठरतं. कायदाही इथे मदतीचा आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे बहुतेक सगळ्या 78 च्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण आता मोकळं आहे. गीत आणि चाल यांचे हक्क मात्र वेगळे, ते पाहूनच पुढे जायचं.

पातूरची ही टाकी वर्षातले बहुतेक दिवस झाकून ठेवलेली असते. घरातल्या ट्रंका संपल्या की तिला काम नाही. आणि वऱ्हाडात अजून किती माळ्यांवर ट्रंका आहेत याचा अंदाज यजमानांना वडिलांच्या धंद्यामुळे आहे. प्रत्येक तालुक्याला दोन-चार तरी भोंगेवाले होते. प्रत्येकाच्या वारसाने स्वतंत्र मशीन घ्यावं यात अर्थ नाही. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारखी जुनी वाचनालयं या मुलखात आहेत. अशा एखाद्या ठिकाणी एक टाकी, एक बरा टर्नटेबल, हलकी पिन आणि संगणक ठेवला, आठवड्यातून एक सकाळ ठरवली, तर हे काम होण्यासारखं आहे. खर्चही एखाद्या गणपती मंडळाच्या डीजेपेक्षा जास्त येणार नाही.

ही कल्पना यजमानांना सांगितली. त्यांनी नाही म्हटलं नाही, अटी सांगितल्या. आर्थिंग ते स्वतः तपासतील. काठ वाकलेल्या रेकॉर्डी कोणी आणायच्या नाहीत. 'शोले' तर अजिबातच नाही. ट्रंकेच्या तळाशी जे असेल ते आणायचं, नंबर आधी लिहून आणायचा, आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ज्याने त्याने आपापला आणायचा.